गाडीचा उंबरठा

केळझरच्या पुंडलिकराव चाफल्यांनी चाळीस वर्षं भाजीपाला पिकवला, पण सिंदीच्या बाजारात कधी फुलकोबीवर पाणी मारून ती जड केली नाही. नेम म्हणजे नेम! असे नेम त्यांच्याजवळ ढीगभर होते आणि गावात त्याचं कौतुकही होतं. माणूस सरळ, बोलला की बोलला. आता सरळ माणसाचा घरच्यांना काय ताप असतो, ते त्यांच्या बायकोला, कुसुमबाईंना विचारावं.

त्यातला एक नेम त्यांच्या बापापासून चालत आलेला. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. थोरल्या लेकीनं दीड वर्षात सुटका केली. धाकट्या रंजिताच्या लग्नाला मात्र अकरा वर्षं झाली आणि पाळणा काही हलला नाही. डॉक्टर झाले, गणपतीला नवस झाले. नागपूरला तिच्याकडे गेले की पुंडलिकराव बाहेर गॅलरीत बसायचे, वांगी-मेथीची पिशवी दारातून आत सरकवायचे आणि स्वतःच्या बाटलीतून दोन घोट घ्यायचे. रंजिता तरीही दर खेपेला पेला भरून त्यांच्यापुढे ठेवायची. ते गेले की ते पाणी तुळशीत ओतायची. 

जावई धर्मेंद्र गाड्यांची बॉडी बांधायचा. त्यानं एक जुनी स्कूल व्हॅन घेतली आणि वर्षभर खपून तिच्यात पलंग बसवला, गॅसची शेगडी बसवली, पाण्याची टाकी आणि नळ बसवला. कॅम्परव्हॅन म्हणतात म्हणे त्याला. दिवाळी झाली तसा रंजिताचा फोन आला.

"बाबा, चिखलदऱ्याले जाऊ. पहाड पाहू, तलाव पाहू. अन् गाडी काई घर नोहे. गाडीले कुठं उंबरठा असते? एकडाव माह्या हातचं खा."

पुंडलिकरावांनी दोन दिवस विचार केला. बापाच्या नेमात गाडीचा उल्लेख नव्हता. "येतो," ते म्हणाले. पलीकडे लेक रडायलाच लागली.

आता कुसुमबाईंचं ऐका. गाडी दारात उभी राहिली तशी ही बाई आरतीचं ताट घेऊन धावली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि हौसेच्या भरात गाडीच्या दाराशी असलेल्या लोखंडी पट्टीला वायगावच्या हळदीची पाच बोटं ओढली, त्यावर कुंकू लावलं. पुंडलिकरावांचा उचललेला पाय तसाच राहिला.

"हे काय केलं तू?"

"काय केलं म्हणजे? लेकीचा उंबरठा पुजला न!"

सगळे हसले. पुंडलिकराव हसले नाहीत. ते मुकाट्यानं घरात गेले आणि विहिरीच्या पाण्याची कॅन अन् भाकरीचं गाठोडं घेऊन बाहेर आले. रंजिताचं हसू जागच्या जागी विरलं. कुसुमबाईंना स्वतःचे हात कुठं ठेवावेत कळेना.

पण निघाले. आष्टीच्या पुढे अप्पर वर्धा धरणाचं पाणी दिसलं, नजर पोहोचेल तिथवर पाणी. तिथं गाडीतल्या शेगडीवर चहा झाला. "मले ॲसिडिटी हाय," पुंडलिकराव म्हणाले. त्यांना जन्मात ॲसिडिटी झाली नव्हती. परतवाड्यानंतर घाट लागला. केळझरच्या टेकडीपेक्षा उंच काही त्यांनी जवळून पाहिलं नव्हतं. एकेका वळणाला ढग काचेवर यायचा आणि ते लहान पोरासारखे जावयाच्या खांद्याला धरून म्हणायचे, "अबे, हे पाह्य! हे पाह्य!" मागं बसलेली रंजिता बापाचा तो आनंद पाहत होती. अजूनही तिला आशा होती.

तलावाच्या काठाला गाडी लागली. रंजितानं भरली वांगी टाकली, बापानंच पहाटे तोडून आणलेली. शेंगदाणा-खोबऱ्याचा वास सुटला आणि पुंडलिकरावांच्या पोटात कावळे कोकलायला लागले. सकाळच्या भाकरी वाळून चामडं झाल्या होत्या.

"मी जरा पाय मोकये करून येतो," असं म्हणून ते सटकले.

पन्नास पावलांवर एका बाईची भज्यांची टपरी होती. त्यांनी एक प्लेट मागितली, मग दुसरी.

"एकलेच आले काय, काका?" बाईनं विचारलं.

"लेक-जावई हायेत. ते काय, गाडी उभी हाय."

"मंग तिथं त वांग्याची भाजी शिजून राह्यली. वास येते इथवर. अन् तुमी भजे काऊन खाऊन राह्यले?"

खरं तर गप्प बसायचं. अनोळखी बाई, तिला काय सांगायचं? पण घरात जे कधी तोंडातून काढलं नाही, ते परक्यापुढे पटकन निघतं. वर आपला नेम सांगण्याची खुमखुमी. भज्यानं भरल्या तोंडानं पुंडलिकराव म्हणाले, "वांझोट्या घरचं अन्नपाणी चालत नाई आपल्याले. बापापासूनचा नेम हाय."

 बाई त्यांच्या मागं पाहत होती. पुंडलिकरावांनी मान वळवली. रंजिता उभी होती, त्यांचा स्वेटर हातात घेऊन.

"थंडी हाय, बाबा. घाला," ती म्हणाली. स्वेटर बाकावर ठेवला आणि आल्या पावली परत गेली.

बाईनं त्यांच्यापुढची प्लेट उचलली. "काका," ती म्हणाली, "मलेई लेकरू नाई. दोन प्लेट भजे त खाल्ले तुमी."

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं त्यांना झालं.  अकरा वर्षं जो शब्द त्यांनी तोंडी आणला नव्हता, तो दर खेपेला गॅलरीत बसून ते मोठ्यानं बोलतच होते की! अख्खी बिल्डिंग ऐकत होती आणि लेक तरी पेला भरून ठेवत होती. थू तुह्या सरळपणावर, पुंडल्या! ते स्वतःलाच म्हणाले. स्वेटर अंगात घालताना त्यांना बाही सापडेना.

ते परतले तेव्हा धर्मेंद्र नावा पाहायला गेला होता. पट्टीवरचं हळदकुंकू धुळीनं निम्मं पुसलं होतं. त्यांनी ते ओलांडलं आणि आत जाऊन उभे राहिले. रंजिता भांडी घासत होती, कुसुमबाई पलंगावर बसल्या होत्या.

"रंजिता, पाणी दे."

तिनं न पाहता त्यांची कॅन पुढे ओढली.

"त्यातलं नाई. तुह्या घरचं दे. तू ठेवत असतं, तो पेला."

"आज नाई भरला, बाबा," ती म्हणाली. हात पुसले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी बसली.

पुंडलिकरावांनी स्वतः पेला घेतला. नळ फिरवला, दाबला, वर ओढला. पाणी येईना. उभा जन्म विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी चालवल्या, पण लेकीच्या घरचा नळ कसा उघडतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. रिकामा पेला धरून ते नुसते उभे राहिले.

"पायाजवळ बटन हाय," ती पाठमोरीच म्हणाली.

पाणी आलं ते बाहीवर सांडलं. उरलेलं ते गटागटा प्यायले. तिनं वळून पाहिलं नाही.

"मी चुकलो वो, बाई," ते म्हणाले.  "वांगे हायेत काय? वाढतं काय मले?"

"हायेत," रंजिता म्हणाली. "पण आज मले नोका मागू, बाबा. आईले मागा."

कुसुमबाईंनी उठून ताट वाढलं. पुंडलिकराव खाली मान घालून जेवले, आणि रंजिता तशीच तलावाकडे पाहत बसून राहिली.