करार की समजूत

परक्यांशी नाते जोडण्याचा अधिकार एका माणसाच्या हाती असावा की सभागृहाच्या, यावर राष्ट्रांचे भवितव्य ठरते. या प्रश्नाचा अभ्यास मी सिंगापुरात, तोआ पायोहमधल्या एका हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून केला.

आमच्या छोट्या मराठी मंडळाला तो हॉल रविवारी सकाळी मिळायचा. तिथे एक काकू सहा वर्षे मुलांचा मराठीचा वर्ग घेत होत्या. आमच्या अध्यक्षांनी गुजराती मंडळाच्या अध्यक्षांशी चहा पिता पिता ठरवून टाकले, की नवरात्रापर्यंत रविवार त्यांना गरब्याच्या सरावाला आणि बुधवारची संध्याकाळ आपल्याला. बुधवारी सगळ्या मुलांना ट्यूशन. म्हणजे वर्ग बंदच.

रविवारी वर्गाच्या आधी त्याच हॉलमध्ये कार्यकारिणीची सभा भरली. मी चिटणीस, म्हणून घटना वाचून दाखवली: इतर संस्थेशी करार करायचा तर कार्यकारिणीची दोन-तृतीयांश मते हवीत. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "पण हा करार नाहीच. ही समजूत आहे."

यावर आमच्यातले मरीन इंजिनीअर भलतेच खूश झाले. ते नुकतेच जहाजावरून उतरले होते आणि समुद्रावर वाचायला वेळ भरपूर. अमेरिकेत सध्या अगदी हेच चाललंय म्हणाले. तह म्हटला की सिनेटची दोन-तृतीयांश मते लागतात, म्हणून राष्ट्राध्यक्ष इराणशी केलेल्या तहाला तह म्हणतच नाहीत. मग युद्ध पुकारायचे काँग्रेसने, पण फौजा हलवायच्या राष्ट्राध्यक्षांनी, हे कसे, यावर तासभर गेला. आमचे अध्यक्ष हळूहळू ताठ बसू लागले. मी इतिवृत्तात 'इराण' लिहिले, मग खोडले.

शेवटी काकू म्हणाल्या, "करार असेल तर आमची मतं घ्या. आणि समजूत असेल, तर माझी कोणी घातली?"

कोणी हसले नाही, कारण अध्यक्ष हसले नव्हते. हा करार की समजूत, यावर मतदान घेतले, चार विरुद्ध चार. कोंडी कशी फोडावी याबद्दल अमेरिकेची घटना काय सांगते, हे इंजिनीअर फोनवर शोधू लागले. काकू आपला फोन घेऊन बाहेर गेल्या. गुजराती मंडळाच्या चिटणीसबाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. परत आल्या आणि खुर्च्या वर्गासाठी ओळीत लावू लागल्या.

गुजराती कार्यकारिणीने ती समजूत गुरुवारीच फेटाळली होती. रविवारी अकराच्या आत त्यांच्यातले कोणी उठत नाही.