एका दिवसात सगळे सण

दिग्रसच्या बाहेर पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांमध्ये एक निवासी शाळा आहे. तिथे मी स्वयंपाक करतो. माझं शिक्षण आठवीपर्यंतच, तेही इथून फार लांब, सावंतवाडीकडे. एका केटरिंगवाल्याच्या मागे आलो होतो. तो पुढे निघून गेला आणि मी राहिलो. कोणी मॅडम स्वयंपाकघरात आल्या की अजूनही वाटतं, आता कागद मागणार आणि उद्यापासून येऊ नका म्हणणार.

राहतो शाळेमागच्या तांड्यावर, एका म्हाताऱ्या विधवा बाईच्या खोलीत. तिला मी याडी म्हणतो. तांड्यावर आईला तसंच म्हणतात. मी आलो तेव्हा तिने नाव-गाव विचारायच्या आधी भाकर वाढली. पहिल्या वर्षी मला कावीळ झाली, तेव्हा सरकारी दवाखान्यात माझ्या उशाशी तीच बसून होती. तिचं माझ्यावर किती ऋण आहे, ते सांगत बसलो तर लिहायचं राहून जाईल.

तर त्या डिसेंबरात जर्मनीच्या एका शाळेची दहा-बारा मुलं अदलाबदलीत आमच्या शाळेत आली, आणि त्यांच्यासाठी एक सांस्कृतिक दिवस ठरला. कल्चरल मॅडमनी वेळापत्रक केलं होतं: नाश्त्यानंतर पोळा, मग होळी, जेवणाआधी लग्न, जेवणानंतर दिवाळी. आमच्या लोकांना वर्षभर पुरतं ते मॅडम चार वाजेपर्यंत उरकणार होत्या.

पोळ्याला बैल आणले. बिचाऱ्यांना कालच तूर वाहायला जुंपलं होतं, आज एकदम शिंगांना बेगड. होळीला कोरडा रंग, तोही गालाला बोट लावण्यापुरता, कारण पालकांची परवानगी तेवढीच होती. एका कोपऱ्यात जातं मांडलं होतं. जात्याला खुंटाच नव्हता. मॅडमनी मला पाकिटातलं पीठ आणायला लावलं आणि स्वतःच्या हाताने जात्याभोवती पसरलं. पाहुण्या मुली रिकाम्या दगडावर हात ठेवून फोटो काढत होत्या. माझ्यासाठी हुकूम होता, अस्सल झुणका करा, पण तिखट नको, लसूण नको, वास नको. वास नसलेला झुणका मी केला. देवाने माफ करावं.

लग्न तांड्याच्या पद्धतीचं होणार होतं. दोन दिवस आधी मॅडम म्हणाल्या होत्या, "तुमची घरमालकीण बंजारा आहे ना? तिला गाणी म्हणायला आणा. फुल ड्रेसमध्ये. आणि जरा वेळेवर, तुमच्यासारखं नको." मी कधी उशीर केला नव्हता, पण मान हलवली. याडीला विचारलं तर ती लगेच तयार झाली. म्हणाली, "येतो ना. तुह्या शाळेत मले कोनं बोलावलं आतापर्यंत?"

ती आली. तांड्यावरच्या चार बायका आरशांच्या कांचळ्या घालून आल्या होत्या. याडी साध्या घागऱ्यात, दंड उघडे, केसांत काही नाही. नवरा गेल्यावर दंडातला चुडा उतरतो आणि केसांतली घुगरीही. घुगरी म्हणजे गालाशी लोंबणारे चांदीचे झुबके. तांड्यात बाई सवाशीण आहे की नाही ते लांबूनच कळतं.

मॅडमचं तोंड उतरलं. "हे काय? काहीच नाही घातलं?" आणि त्यांनी पिशवीतून ऑनलाइन मागवलेली पत्र्याची घुगरी काढली आणि सरळ याडीच्या केसांत खोवायला गेल्या. याडीने त्यांचं मनगट धरलं.

मी पुढे झालो. "मॅडम, त्यांचे मालक वारलेत. त्यांना नाही चालत."

"अहो, मग उलट छानच!" मॅडम म्हणाल्या. "आपण जुन्या रूढी मोडतोय. मी माइकवर सांगते तसं."

रूढी मोडायला यांना फोटोवाला समोर लागतो.

याडी शांतपणे म्हणाली, "बाई, तुह्या गळ्यातलं मंगळसूत्र त्या पाहुन्या पोरीले देतं का, फोटोपुरतं?"

मॅडम हसल्या आणि पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलल्या. त्यातलं 'हॅप्पी' मला कळलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "समजवा तिला. नाहीतर तुमचंही बघावं लागेल."

मी याडीचा हात धरला, तिला माझ्या स्कूटरवर बसवलं आणि निघालो. झुणका चुलीवरच होता.

तांड्याच्या वळणाशी तिने पाठीत थाप मारली. "थांब. कुठं नेऊन राह्यला मले?"

"घरी. असल्या लोकांत कशाला थांबायचं?"

"घुगरीले नाही म्हनलं मी. गान्याले कोनं नाही म्हनलं? सकाळपासून घसा साफ करून राह्यलो मी. तू काहून मधात आला? मोठा वकील लागून गेला!"

"याडी, माझी नोकरी जाईल."

"मंग आता परत गेल्यानं काय दोनदा जाईल?"

स्कूटर वळवली.

परतलो तेव्हा लग्न लागत होतं. ती पत्र्याची घुगरी आता एका जर्मन मुलीच्या केसांत होती. चौदा-पंधराची असेल, पिवळे केस, उन्हाने लाल झालेलं नाक. मॅडम माइकवर चारही बायकांना "आनंदी गाणं, आनंदी गाणं" म्हणत होत्या. त्या नुसत्या उभ्या होत्या. याडी चपला काढून सरळ मुलीपाशी गेली, तिच्या गळ्यात हात टाकला आणि ढावलो सुरू केला. तांड्यावर नवरी माहेर सोडताना गळ्यात पडून रडत गाते ते गाणं. बायकांनी सूर धरला.

मुलगी आधी हसली. मग गोंधळली. मग याडीचा खडबडीत हात पाठीवरून फिरायला लागला आणि तिचं नाक आणखी लाल झालं. शब्द तिला कळायचं कारणच नव्हतं. घर सोडून किती दिवस झाले होते तिला, कोण जाणे. तिने याडीच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. दुसरी एक मुलगी रडायला लागली. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

मॅडम धावत माझ्याकडे आल्या. "थांबवा तिला! अहो, मुलगी रडतेय! यांचे रिपोर्ट जातात वर!"

स्वयंपाकघरातून जळक्या बेसनाचा वास येत होता.

"रडू दे की, मॅडम," मी म्हटलं. "लग्न आहे ना."