बारीक मानेचा तुकडा

"अंगठ्याचं नख दाबा, डॉक्टरसाहेब." माझी नवी केस हातात घेतली की आमच्या लॅबवाल्या भाऊंचं पहिलं वाक्य हेच. तुम्हीही दाबून पाहा. नख पांढरं पडतं, सोडलं की गुलाबी होतं. "अन् सोडलंच नाही तं? हिरडीचं बी तसंच हाय."

पुसदच्या बसस्टँडमागे एका खोलीत त्यांची दात बनवायची लॅब होती. शिक्षण बारावी, तेही दुसऱ्या खेपेला. मी पदवीवाला, नुकताच इम्प्लांटचा कोर्स करून आलेला. म्हणजे ताठा किती असेल ते ओळखा. कापसानं जिल्ह्याला रडवलं ती वर्षं. दात काढायला रांग, बसवायला क्वचित कोणी.

अशात एक शिक्षिका आल्या. गाडीवरून पडून वरचा पुढचा दात गेलेला. भीमजयंतीला गाणाऱ्या बाई, पण दोन वर्षं स्टेजवर चढल्या नव्हत्या. "तोंड उघडाची लाज वाटते, सर," म्हणाल्या. मी हाडात स्क्रू बसवला. स्क्रू आणि वरचा दात यांना जोडणारा धातूचा तुकडा, म्हणजे अबटमेंट, भाऊंनी घडवायचा होता. मी लिहून दिलं, हिरडीतून जाणारी त्याची मान रुंद ठेवा. दात हिरडीतून भरगच्च उगवलेला दिसावा, ही माझी हौस.

भाऊ भर दुपारी दवाखान्यात हजर. "रुंद कायले? मान बारीक ठेवू. हिरडीले बसाले जागा भेटली तं जाड होते, हाडाले झाकून राह्यते. जागा नाही देल्ली तं वर सरकते, अन् तिच्यामांगं हाड."

"भाऊ, लिहिलंय तेवढं करा."

दुसऱ्या दिवशी पुडीत दोन तुकडे आले. एक माझ्या मनासारखा, एक त्यांच्या.

मी माझा बसवला. हिरडी पांढरी पडली. पंधरा मिनिटांत रंग येईल, असं बाईंना सांगितलं. आला तो अर्धवट. चार महिन्यांनी हिरडी वर सरकलेली आणि एक्स-रेमध्ये स्क्रूच्या गळ्याशी हाड खचलेलं. मी गुपचूप ड्रॉवरमधून भाऊंचा तुकडा काढून बसवला. त्यांना कळू नये म्हणून त्यावर बसणारा नवा दात नागपूरहून करून आणला. हिरडी हळूहळू जाड झाली, हाड आणखी खचलं नाही. गेलेलं मात्र परत आलं नाही.

जयंतीला बाई गायल्या, तोंडावर हात न धरता. मला फार बरं वाटलं. भाऊ पुढच्या रांगेत बसून गाण्याऐवजी दाताकडेच बघत होते. नंतर चहाच्या टपरीवर म्हणाले, "हिरडी जराशी वर हाय. कोनता बसवला, साहेब?"

"तुमचाच."

त्या दिवशी ते खोटं नव्हतं, एवढीच माझी सोय.

त्यांनी कप खाली ठेवला. "मंग माह्यंच चुकलं कुठंतरी."

त्यानंतर ते प्रत्येक मान दोनदा मोजून पाठवायचे.

पुढे धातूच्या धुळीनं त्यांची फुप्फुसं निकामी केली. तोंडाला फडकं बांधा म्हणून मी किती ओरडायचो, पण ऐकतील तर शपथ. शेवटचं भेटायला गेलो तेव्हा वाक्यावाक्याला दम लागत होता.

"बाई गाते का अजून?"

"गातात. मस्त गातात."

"माह्या हातून तेवढी एक केस बिघडली," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी अर्धा तास तिथे बसलो आणि उठून आलो.