फळ्या न टाकलेला माळा

शेवटी ते माझ्याशी बोलले. माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. आमच्याकडे भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, धाकट्याच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नसतं. विनायकभाऊंनी ही रीत इमानानं पाळली. वर्ध्याच्या दवाखान्यात मात्र त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माळ्यावर फळ्या टाकजो नोको." तिसऱ्या दिवशी गेले. मी रडले नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... पण खोटं चांगलं बोलायला मी कोणाची बांधील नाही.

रोहणा गावातल्या आमच्या घरात झोपायच्या खोलीवर माळ्याचा नुसता सांगाडा आहे. मधोमध जाड तुळई, तिच्यावर आडव्या दांड्या, फळ्या तेवढ्या नाहीत. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हाच मी नवऱ्याला म्हटलं, फळ्या टाकून घ्या. मागच्या खोलीतला कुलर, जादाच्या गाद्या, लग्नातली भांडी वर जातील आणि त्या रिकाम्या खोलीत कापूस ठेवता येईल. कारण वेचलेला कापूस भाव येईपर्यंत आमच्या उशाशीच असायचा. कापूस साठून राहिला की त्यात किडे होतात, अंगाला खाज सुटते. माझी प्राची दहावीच्या पेपराला गेली ती हात खाजवून रक्त काढूनच. त्या दिवशी तिनं भाऊंना विचारलं, "मोठेबाबा, फळ्या काऊन नाई टाकत?" मी दाराआड उभी. ते भिंतीकडे पाहून म्हणाले, "सांग तुह्या आईले, माळा केला का अडगळ होते. घर माणसाइसाठी असते." आणि माणसं कापसात झोपत होती.

बाहेर मात्र नाव मोठं. स्वतः बारा महिने घरापुढच्या छपरीत खाटेवर झोपायचे. शेजारणी मला ऐकवायच्या, "तुह्या भासऱ्यानं खोली तुमाले सोडली अन् सोता बाहीर झोपते. असा माणूस भेटत नाई." मीही नंदीबैलासारखी मान डोलवायचे. रोज सकाळी ते काठी घेऊन खोलीत यायचे, मी पदर सावरून बाहेर व्हायचे. तुळईला दोनचार ठोके द्यायचे, कान देऊन ऐकायचे. "उंदरं पाहून राह्यलो," म्हणायचे. उंदीर मी एकही पाहिला नाही.

तेरवीनंतर पंधरवड्यानं मी सुताराला बोलावलं. आमचे हे कुरकुरले, "दादाचं शेवटचं बोलणं होतं..." "अन् माह्याशी पह्यलं," मी म्हटलं. म्हातारा सुतार शिडीवर चढला, तुळईला पटाशी लावली, ती मुठीपर्यंत आत गेली. खाली भुसा सांडला.

"किड्यानं पुरी खाल्ली, बाई. भाऊले ठाऊक होतं. दरसाली मले इचारत, अजून किती टिकन? म्या म्हणो, बदला. ते म्हणत, पाहू."

बाभळीचं लाकूड आमच्याकडे कीड लागू नये म्हणून महिनोनमहिने पाण्यात मुरवतात, मगच घराला लावतात. हे घर भाऊंनी उभं राहून बांधलं. तेव्हा याच सुतारानं थांबा म्हटलं होतं, आणि भाऊंनी चारचौघांत त्याला हसून न मुरवलेली बाभूळ चढवली होती. तुळई बदलली असती तर गावाला कळलं असतं, आणि फळ्या टाकल्या असत्या तर ती वजनानं मोडली असती. स्वतःची लाज झाकायला या माणसानं माझ्या लेकीला जन्मल्यापासून त्या लाकडाखाली झोपू दिलं. दवाखान्यातलं ते वाक्य धसक्याचं होतं, हे आता कळतं. पण कारण तेव्हाही सांगितलं नाही. बोलायची रीत मोडली, खरं बोलायची हिंमत मात्र झाली नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही.

तुळई अजून काढायची आहे, तोवर आम्ही बिऱ्हाड छपरीत आणलंय. त्यांची खाट तिथेच होती, भिंतीला लागून. परवा दुपारी पहिल्यांदा तिच्यावर पाठ टेकली आणि वर पाहिलं. वर हलका टिनाचा पत्रा, चार नवे बांबू, दुसरं काही नाही. जागा त्यांनी विचार करून निवडली होती.