कागदावर थेंब नाही

आमच्या बडनेऱ्यात इंजिन खोलून पुन्हा बांधून दिलं की गिऱ्हाईक आधी गाडीखाली वाकून बघतं. आवाज वगैरे नंतर. जमिनीवर ऑइलचा एक थेंब दिसला की तुमची आठ दिवसांची मेहनत पाण्यात. म्हणून मी गॅरेजात एक रीत ठेवली होती. बांधून झालेल्या गाडीखाली संध्याकाळी जुनं वर्तमानपत्र अंथरायचं आणि सकाळी गिऱ्हाइकासमोर ओढून काढायचं. कोरडा कागद हातात दिला की माणूस पुढचं काही न विचारता किल्ली घेऊन जायचा. इतक्या वर्षांत फार थोडे कागद डागले आणि मला त्याचा माज चढला होता. माजच म्हणतो, त्याला दुसरं नाव देऊन काय करू?

माझे उस्ताद अमरावतीचे. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्याला आम्ही चेंबर म्हणतो. त्याच्या कडेला गळती थांबवायची पेस्ट ते करंगळीनं लावायचे, दोऱ्याएवढी बारीक. मी जाड लावायला लागलो तेव्हा एकदा त्यांनी माझं मनगट धरलं होतं. म्हणाले, “बेटा, जितनी बाहर निकली ना, उतनीच अंदर बी गई समज.” मी मान हलवली आणि त्यांची पाठ फिरल्यावर पुन्हा जाड लावली. मला कागद कोरडा हवा होता.

ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा अमरावतीत डायलिसिसला नंबर लागेना. अकोल्यात लागला. आठवड्यातून दोनदा भाऊजी तिला आपल्या जुन्या व्हॅनमधून घेऊन जायचे. ती व्हॅन धूर टाकायला लागली म्हणून मी इंजिन खाली उतरवलं. नवे पिस्टन, नवे बेरिंग, नवी टायमिंग चेन, सगळं निवडून आणलं. बहिणीची गाडी, म्हणून पेस्टही हात सैल सोडून लावली. सकाळी कागद काढला, ठणठणीत कोरडा. ताईनं तो घडी करून पर्समध्ये टाकला. “माया भावाचा रिपोर्ट हाय हा,” म्हणाली, “डॉक्टरले दाखवीन. त्याइचे रिपोर्ट कधी असे चांगले नाई येत.” आम्ही तिघंही हसलो.

दहा-बारा दिवसांनी भाऊजी तक्रार घेऊन आले. गाडी गरम झाली की ऑइलची लाल बत्ती लुकलुकते आणि सकाळी सुरू करताना पुढून काहीतरी खडखडतं.

खडखडत होती ती टायमिंग चेन. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब कमी पडला की चेन सैल, आणि सैल चेन वाजणारच. बत्ती आणि खडखड, दोन्ही एकाच दुखण्याच्या खुणा होत्या. मलाही ते कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

आधी मी बत्तीचा स्विच बदलला. दोन दिवस बरे गेले. मग जाड ऑइल भरलं, त्यावर आठवडा निघाला. बत्ती पुन्हा लागली तेव्हा प्रेशर मीटर जोडला. इंजिन थंड होतं, काटा छान वर चढला. मी लगेच मीटर काढून ठेवला. इंजिन गरम होईपर्यंत थांबायला हवं होतं, थांबलो नाही. कारण गरम इंजिनावर काटा पडला असता तर पुढचं काम एकच होतं. चेंबर उतरवायचं आणि पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो ती बघायची. म्हणजे मीच चिकटवलेला जोड मीच फोडायचा. ज्याचा कोरडा कागद दिला ते इंजिन यानं महिन्याच्या आत उघडलं, असं गावभर झालं असतं. मी भाऊजींना म्हणालो, “वायरिंगचं हाय. बत्ती लागली तरी चालू द्या, काई नाई होत.”

ऐन मे महिन्यात, मूर्तिजापूरच्या पुढे, भर दुपारी गाडी बंद पडली. हायवेवर सावली नाही. दुसरं वाहन मिळून अकोल्याला पोचेपर्यंत दोन तास गेले आणि ताईच्या मशीनवर दुसरा पेशंट बसलेला होता. उद्या सकाळी पहिला नंबर देतो, म्हणाले. दोघं तिथेच एका नातलगाकडे थांबले. पहाटे तिला श्वास पुरेनासा झाला. सकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर ती गेली. आजार शेवटच्या टप्प्यावर आला होता, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्या घरानं ते वाक्य घट्ट धरलं. तेरवीपर्यंत मीही धरलं.

तेरवीनंतर व्हॅन ओढून गॅरेजात आणली आणि एकट्यानं उघडली. चेन दात्यांवरून घसरली होती, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले होते, बेरिंग काळे पडले होते. चेंबर सुटता सुटेना. पट्टी घालून हातोडीनं ठोकून काढावं लागलं, इतकं पक्कं मी ते बसवलं होतं. आतल्या जाळीवर शेवयांसारखे पेस्टचे तुकडे गुंतले होते. लाल. बडनेऱ्यात लाल पेस्ट मी एकटा वापरतो. तुकडे चिमट्यानं उपसून ताटलीत ठेवले आणि तिथेच फरशीवर बसून रडलो.

संध्याकाळी भाऊजी आले. नवा पंपच खराब निघाला, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. कोणाला कधीच कळलं नसतं. त्यांनी विचारलं, “काय निघालं?” आणि माझ्यानं ते बोलवेना. मी ताटली पुढे केली. पेस्ट, जाळी, थंड इंजिनावर बघितलेला काटा, सगळं सांगितलं.

ते कितीतरी वेळ एक लाल तुकडा चिमटीत दाबत राहिले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“त्या दिवशी बत्ती मूर्तिजापुरातच लागली होती,” ते म्हणाले. “मी स्टँडजवळ गाडी बाजूले घेतली. म्हणलं, इथूनच दुसरी गाडी करू. तर तुयी बहीण मलेच हासली. म्हणे, माया भावानं सांगतलं ना, चालू द्या म्हणून? मंग चालू द्या.”