सोनगीरच्या हॉटेलातला टॉवेल-टोपीचा फोटो

त्या दिवशी सोनगीरच्या हॉटेलात आम्ही सहा जणं होतो, आन सहापैकी एकालाबी काय चाललंय ते कळत नव्हतं. मी होती. माझी नात गायत्री होती, धुळ्याला कॉलेजात जाते ती. हॉटेलवाला नाना होता, आमच्याच गल्लीतला. एक गोरी म्हातारी होती, हेलन नावाची, माझ्याच वयाची असेल, पण पॅन्ट घातलेली. तिचा पोरगा मार्टिन होता, तिशीतला, दारातून वाकून येणारा. आन त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर होता इंदूरचा, तो नुसता जेवत होता. सगळ्यात शहाणा तोच.

माझी शाळा तिसरीपर्यंत. कापूस येचायला हात कमी पडले म्हणून सुटली, ती सुटलीच. लग्न झालं, मालक लवकर गेले, मागं दोन म्हशी आन एक पोरगा, साहेबराव. म्हशींनी साहेबरावला पोसलं आन साहेबरावनं म्हशींना पोसलं, मी मधल्या मधी उभी. रडायला टाईम नव्हता, सकाळी शेण असायचं. हे अशासाठी सांगते की मी हातपाय गाळणारी बाई नाही. पण त्या दिवशी साधा मोबाईल धरायचा होता, तं तेवढंबी मला धड जमलं नाही.

झालं असं की गायत्रीच्या इंग्रजीच्या सरांनी वर्गाला काम दिलं. परदेशी माणूस गाठायचा, त्याला इंग्रजीतून दहा प्रश्न विचारायचे आन मोबाईलात त्याची फिल्लम काढून सोमवारी दाखवायची. परदेशी माणूस. धुळ्यात. (आमच्याकडे शिंदखेड्याचा जावई आला तरी पोरं मागं पळतात.) तिच्या वर्गातली एक पोरगी बापाला घेऊन अजिंठ्याला गेली. दोन पोरं शिरपूरच्या टोलनाक्यावर दिवसभर उभी राहिली, संध्याकाळी पोलिसानं नाव-गाव विचारलं, मराठीतून. गायत्री तेवढी राहिली होती.

आन तिचं राहणं म्हणजे साधं नव्हतं. इंग्रजीत ती एकदा गचकलेली, आन औंदाचं पास-नापास ह्या फिल्लमवरच होतं. साहेबरावनं तिला समोर बसवून सांगितलं होतं, "औंदा पास व्हयनी तं शिक, मी आडवा येवाव नही. नापास व्हयनी तं कालेज बंद. रविवारले पिंपळनेरना पाहुणा तुले देखाले येई ऱ्हायनात. सोमवारले त्यास्ले सांगसू, लगीनना बार उडाई द्या."

 त्या रात्री पोरीनं भाकर अर्धीच खाल्ली, आन आमच्या घरात भाकर अर्धी टाकणं म्हणजे मोठी गोष्ट.

नानाला आम्ही सांगून ठेवलं होतं, शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. "अक्का, पोरले लवकर धाडा. मन्हा हॉटेलमा गोरा येल शे. माय बी शे त्यानी संगे."

साहेबराव शेतात होता. जवान पोरीला परक्या पुरुषाशी बोलायला एकटं कसं धाडायचं? मी म्हटलं, मी येते. चप्पल घातली, आन दाराजवळ खुंटीला पिशवी टांगलेली होती ती घेतली.

गायत्री म्हणे, "आजी, पिशवी कसाले लेस?"

"पाहुणाकडे रिकामा हाते जातस का?"

"आजी, ते पाहुणा नहीत. मुलाखत शे."

"आपला गावमा येल शे ना? मंग पाहुणाच."

आता त्या पिशवीत काय होतं ते सांगते. नवा टॉवेल, पांढरी टोपी, दोन नारळ, खण आन कुंकवाची पुडी. सगळं रविवारच्या पिंपळनेरच्या पाहुण्यांसाठी साहेबरावनं आणून ठेवलेलं. मी मनाशी म्हटलं, दोन दिवस आहेत, दुसरं आणू. एवढाच विचार केला. त्याच्या पुढचा विचार मी केला नाही, तो गावानं केला.

हॉटेलात पोचलो तं मार्टिन चहा पीत बसलेला. गायत्रीनं मोबाईलात पाहून केस नीट केले, पर्समधून कागद काढला आन त्याच्याकडे निघाली. त्यानं तो कागद पाहिला मात्र, कप खाली ठेवला, हात जोडले, आन कोणी काही विचारायच्या आत धडाधड बोलायला लागला. थांबेचना. आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई दवंडी द्यायचा तसं. शेवटी बोलून दमला, पाणी प्यायला, आन पुन्हा हात जोडले.

गायत्री तिथंच खांबासारखी. मी ड्रायव्हरला विचारलं, "क्या हुआ इसको?"

तो घास गिळून म्हणे, "माताजी, कल मांडू में कॉलेज के बच्चे मिले थे. कागज सबका एक जैसा. ये सबको जवाब देते रहे. अब कागज देखते ही चालू हो जाते हैं."

मी गायत्रीला म्हटलं, "झालं ना मंग? उत्तरं दिधी त्यानी."

"नाही आजी, असं चालत नाही. आधी माझ्या आवाजात प्रश्न पाहिजे, मंग त्याचं उत्तर. आन मोबाईल चालू पण नव्हता." 

तिकडं मार्टिन उठला. हेलनबाईनं पर्स गळ्यात घातली. मला त्या दोघांच्या मागं रविवार उभा दिसला, पिंपळनेरहून आलेला.

मला इंग्रजी येत नाही, हिंदी येते ती म्हशीच्या बाजारापुरती. पण पाहुणा कसा बसवायचा ते मला येतं. आमच्याकडे एकदा माणसाच्या कपाळाला कुंकू लागलं की तो चहापाण्याशिवाय उठत नाही, मग त्याची बस सुटो की गाव बुडो. मी पिशवी उघडली, पुडी फोडली आन त्याच्या कपाळापर्यंत हात पुरेना म्हणून त्यालाच खाली दाबला. तो बसला.

मंग टोपी घातली. कळशीवर वाटी उपडी ठेवावी तशी ती त्याच्या डोक्यावर बसली. खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. त्याला वाटलं टॉवेल घाम पुसायला दिलाय. त्यानं तोंड पुसलं. कुंकू कपाळावर होतं ते दोन्ही कानांपर्यंत गेलं.

आता पोराचा मान केला आन आईला तसंच ठेवलं तं लोक काय म्हणतील? ओटी सवाष्णीनं भरायची, पण तिथं सवाष्ण कुठली आणणार? मीच भरायला निघाली, तं ओटी घ्यायला पदर पाहिजे आन तिच्याकडे पदरच नाही. मी गायत्रीची ओढणी काढली आन हेलनबाईच्या डोक्यावरून घेऊन पुढं पसरवली. नानाच्या कोठीतून मूठभर तांदूळ, वर खण, वर नारळ. बाईनं नारळ हातात घेऊन हलवला, कानाला लावला आन पर्स उघडायला लागली. तिला वाटलं मी विकतेय.

ड्रायव्हर पुन्हा घास गिळून म्हणे, "नो मनी, मॅडम. रिस्पेक्ट." आन भाकर मोडली.

नानाला चेव आला. म्हणे, "अक्का, तुम्ही मान दिधा, मंग मी काय चहावरच धाडू का?" त्यानं शेवभाजी आणली. आमच्याकडची, लाल तर्रीची. मार्टिननं सभ्य माणसासारखा मोठा घास घेतला. घास घेतला आन तो थांबला. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, तोंडातून आवाज नाही. हेलनबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवतेय, मी दुसऱ्या बाजूनं फिरवतेय, नाना ताकाचा ग्लास धरून उभा. उठणं तर सोडा, त्याला आता दार कुठं ते पण दिसत नव्हतं.

मी म्हटलं, "गायत्री, विचार आते."

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. "आजी, नुसता धर. लाल ठिपका दिसतोय ना? हलवू नको." नानानं मला मधीच एक भजं दिलं, ते तोंडात टाकलं आन मी मोबाईल छातीशी धरून बसली. काचेत मला माझंच तोंड दिसत होतं. मला वाटलं काच आरशासारखी असेल, पलीकडून गोरा दिसत असेल.

गायत्री विचारत होती आन ड्रायव्हर मला हिंदीतून सांगत होता. तुमचं नाव काय? गाव कोणतं? काम काय करता? घरी कोण कोण? भावंडं किती? जेवायला काय आवडतं? लग्न झालं का? मी म्हटलं, अरे, सरांनी कागद दिलाय की बघण्याचा कार्यक्रम? मला चौदाव्या वर्षी हेच विचारलं होतं, फक्त चालून दाखवायचं तेवढं कागदावर राहिलं होतं.

चौथ्या प्रश्नाला पोरगी अडखळली. पुढचा शब्दच येईना. मार्टिननं ताकाचा ग्लास ठेवला आन काहीतरी बोलला. ड्रायव्हर म्हणे, "बोलते हैं, हमारे पोलंड में भी अंग्रेजी बाहर की है. ये भी स्कूल में दो बार फेल हुए."

गायत्री हसली. आन मंग जी सुटली. दहा प्रश्न झाले, तं हेलनबाई तिला विचारायला लागली, काय शिकतेस, पुढं काय करणार. पोरगी हात हलवून हलवून बोलत होती. मला एक अक्षर कळलं नाही. पण ती बाई टक लावून ऐकत होती. आमच्या घरात त्या पोरीचं एवढं लांब बोलणं कोणी ऐकलेलं नाही, मी पण नाही.

निघताना नानानं फोटो काढला. मधी मार्टिन, टोपी-टॉवेल, तोंड कुंकवानं लाल, डोळ्यात पाणी. बाजूला हेलनबाई, डोक्यावर ओढणी, ओटीत नारळ. शेजारी गायत्री, खाली मान घालून (ती कागद घडी करत होती). आन मी, नानानं दिलेल्या दुसऱ्या भज्यानं गाल फुगलेला. नानानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "अक्कांच्या हस्ते परदेशी पाहुण्यांना टॉवेल-टोपी." नानानं खोटं काही लिहिलं नव्हतं, बरं का.

रिक्षानं घरी यायला आम्हाला दहा मिनिटं लागली. फोटोला तेवढी बी लागली नाहीत. ओट्यावर गल्लीतल्या आठ-दहा बाया बसलेल्या. शेजारची लीलाबाई म्हणे, "काय वं अक्का, सुपारी फोडी टाकी, आन आम्हले सांगं बी नही?"

"कसानी सुपारी?"

"आसं काय करतस? बठ्ठा गावनी फोटो देखा. जावई चांगला शे. जरा उच्चा शे, पण चाली. रडी काबर ऱ्हायंता?"

"शेवभाजी खादी त्यानी."

"हा, आते आसंच सांगशी."

तेवढ्यात साहेबराव शेतातून आला. मोबाईल त्यानं माझ्यासमोर धरला. "माय, हाऊ टॉवेल तं मी रविवारकरता आणेल व्हता."

"व्हय."

"टोपी बी."

"व्हय."

"पिंपळनेरथीन फोन उना. त्या म्हनतस, तुम्हनी पोर ते परदेशमा दिधी, मंग आम्ही कसाले येऊत?"

मी त्याला खूप सांगितलं. त्यानं त्यांना खूप सांगितलं. पिंपळनेरचे म्हणे, मुलाखतीत ओटी भरतात हे आम्ही आजवर ऐकलं नाही. साहेबरावनं फोन ठेवून दिला. मीबी ठेवला असता. रविवार मोकळा गेला. साहेबराव दोन दिवस माझ्याशी फक्त म्हशींबद्दल बोलला.

सोमवारी गायत्रीनं कॉलेजात फिल्लम लावली. वर्गाच्या भिंतीवर, मोठी. आन भिंतीवर कोण? मी. सुरवातीपासून शेवटपर्यंत मी, भजं खातेय, मधीच कपाळाला आठी, मधीच नाकावरची माशी हाणतेय. केस नीट करताना तिनं मोबाईलचा डोळा स्वतःकडे फिरवलेला, तो तसाच राहिला होता. आवाज मात्र सगळा आलेला, तिचाबी आन गोऱ्याचाबी.

सर म्हणे, "परदेशी व्यक्ती कुठंय? या तर तुमच्या आजी दिसतात."

गायत्रीनं ग्रुपवरचा तोच फोटो काढून सरांच्या पुढं धरला. सरांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मंग म्हणे, "बसा. प्रश्न नीट विचारलेत." पोरगी पास झाली. साहेबरावनं शब्द दिलेला होता, तो त्याला पाळावा लागला. आता ती पुढच्या वर्षाला आहे.

लोक म्हणतात, अक्का पक्की, अक्कानं मुद्दाम केलं, स्थळबी पळवलं आन मार्कबी आणले. साहेबरावलाबी तसंच वाटतं. अहो, मी इतकी हुशार असती तर दहा मिनिटं स्वतःचंच तोंड पाहत बसली असती का?

म्हणून हे जो वाचेल त्याला एकच सांगणं. तो फोटो अजून फिरतोय, मागच्या महिन्यात जळगावहून एका बाईनं मला "विहीणबाई कशा आहेत" म्हणून विचारलं. तुमच्या मोबाईलात असेल तर काढून टाका, पोरीला शांततेत शिकू द्या. आन टाकवत नसेल, तर निदान माझ्या बाजूनं थोडा कापा, ते भजं गिळलं गेलं नव्हतं.