शुक्रवारच्या दवाखान्याचा आगाऊ सत्कार

सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या सल्लागार मंडळावर मी निवडून आलो तेव्हा मी पाणी प्यायला उठलो होतो. दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाची सभा एका शाळेच्या हॉलमध्ये चालू होती. सेवेला प्रत्येक भाषिक समाजातून एक निवडून दिलेला, बिनपगारी सदस्य हवा होता. "कोण तयार आहे?" असं अध्यक्षांनी विचारलं आणि सगळ्यांनी एकदम मोबाइलमध्ये डोकं घातलं. उभा असलेला मी एकटाच होतो. टाळ्या झाल्या. पाणी राहिलंच.

अल थुमामातल्या घरी बातमी सांगितली. मुलीने विचारलं, "बाबा, इज इट पेड?" नाही म्हटल्यावर ती पुन्हा अभ्यासाला लागली. बायको म्हणाली, "घरातल्यांच्या मनाचं कधी विचारलं नाही, आणि आता गावाच्या मनासाठी निवडून आलात." मी विषय बदलला.

सल्लागार मंडळ वेस्ट बेमधल्या एका टॉवरमध्ये इतक्या वरच्या मजल्यावर भरायचं की खालचा माणूस दिसायचाच नाही. टेबलावर खजूर, प्रत्येकासमोर नावाची पाटी आणि छोटा माइक. माइक लावला की माणूस आपोआप "मला असं नमूद करावंसं वाटतं" अशी सुरुवात करतो. पहिल्या काही बैठका माहितीपत्रकाच्या रंगावर गेल्या. निळा रंग शांत करतो, असं एका सदस्याचं म्हणणं होतं. निळ्याने उदास वाटतं, असं दुसऱ्याचं. दोघांनी आपापल्या बाजूने संशोधनाचा हवाला दिला. शेवटी हिरवा ठरला, कारण त्याच्याबद्दल कुणी काही वाचलेलं नव्हतं. सेवेचे संचालक अत्यंत सभ्य गृहस्थ होते. कोणतीही सूचना ते दोन्ही हातांनी स्वीकारत आणि विचाराधीन ठेवत. त्या विचाराधीन जागेतून परत आलेली सूचना मी तरी पाहिली नाही.

मी निवडून आल्याबद्दल मराठी मंडळाने अभिनंदनाचं एक पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरवलं. त्यावर माझा फोटो, मागे उगवता सूर्य आणि खाली माझा नंबर होता. ते पोस्टर शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस निघाला. बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात राहणारा, बीडकडचा एक एसी मेकॅनिक. त्याने फोन केला.

"सायेब, तुमी त्या डोक्याच्या दवाखान्यात मोठ्या जागी हायेत म्हणं?"

मी म्हटलं, जागा मोठी नाही, उंच आहे.

तो हसला नाही. त्याला तिथे उपचार चालू होते आणि गुणही येत होता. महिनोन्‌महिने सकाळी बुटाची नाडी बांधायला बसला की उठावंसं वाटायचं नाही, ते आता वाटू लागलं होतं. अडचण एवढीच की दवाखाना शुक्रवारी बंद, आणि त्याला सुट्टी फक्त शुक्रवारी.

"मंगळवारी सुट्टी मागितली की फोरमन इचारतो, कशाला? म्या दाताचं सांगतो. आता ते म्हणतंय, तुझ्या तोंडात दात किती अन्‌ तुझ्या तारखा किती."

"खरं सांगितलं तर?"

"खरं सांगितलं तर रूममधले आपापली खाट सरकवून घेतील अन्‌ कंपनी हातात परतीचं तिकीट ठेवील. परवाची तारीख म्या बुडवली, सायेब. गोळ्याबी संपत आल्यात. शुक्रवारचं काही होतंय का बगा."

पुढच्या बैठकीत मी माइक लावला आणि शुक्रवारचा दवाखाना मागितला. संचालक म्हणाले, सूचना अतिशय मोलाची आहे. ती कुठे गेली ते सांगायला नको.

मग मी मराठी मंडळाकडे पाठिंबा मागायला गेलो. कुणाचंही नाव न घेता अडचण सांगितली. आमच्या अध्यक्षांचा स्वभाव असा की समोर माणूस आला की त्यांना त्याच्या खांद्यावर शाल दिसू लागते. त्यांनी लग्नाच्या वाढदिवसाचे सत्कार केले आहेत, व्हिसा बदलल्याचे केले आहेत. त्यांचे डोळे चमकले.

"त्या माणसाचाच सत्कार करू. मनाच्या आजारावर मात. शाल, श्रीफळ. आणि त्याच्या कंपनीच्या एचआरला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावू."

"अहो, त्याला हे कंपनीपासूनच लपवायचंय."

"लपवायचं कशाला? आपण आहोत ना पाठीशी."

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमासाठी हॉल ठरलेला होता, शाली पुण्याहून निघाल्या होत्या. सत्कार रद्द होणं शक्य नव्हतं. फक्त सत्कारमूर्ती बदलता येत होती. मी म्हटलं, "त्यापेक्षा संचालकांचा करू. शुक्रवारच्या दवाखान्यासाठी." पुढे "विनंती करू" असं म्हणणार होतो, पण अध्यक्षांना फोन आला आणि ते "वा, वा, ठरलं" म्हणत बाहेर गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी सन्मानचिन्ह आणायचं काम माझ्याकडे होतं. गाडीत मी त्याच्यावरचा कागद काढून पाहिला. काचेवर मराठीत आणि इंग्रजीत कोरलं होतं: कामगार बांधवांसाठी शुक्रवारचा दवाखाना सुरू केल्याबद्दल कृतज्ञतापूर्वक. कागद पुन्हा नीट गुंडाळला. खोटं बोलणं आणि दुरुस्ती न सुचवणं यांत फरक असतो, हे मी वेस्ट बेच्या त्या वरच्या मजल्यावर शिकलो होतो.

हॉल भरला होता. कॅम्पातून बस आली होती. आपला मेकॅनिक दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. त्याचं नाव निघणार नाही हे मी दोनदा सांगूनही त्याने पळायची सोय ठेवली होती. सनई वाजली. संचालकांना फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. फेटा किंचित सैल होता, त्यामुळे त्यांना मान हलवून नाही म्हणणं अवघड होतं. मग अध्यक्षांनी सन्मानचिन्ह दिलं आणि त्यावरचा मजकूर माइकवरून वाचला. कॅम्पवाल्यांनी ज्या टाळ्या वाजवल्या, त्या मंडळाच्या कोणत्याही गायकाला मिळालेल्या नव्हत्या.

संचालकांनी काच डोळ्यांजवळ धरली. शांतपणे वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोरणाकडे पाहिलं. पाच-सहा मोबाइल त्यांच्या तोंडासमोर होते.

"ही तर फक्त सुरुवात आहे," ते इंग्रजीत म्हणाले.

चहाच्या वेळी ते नारळ सांभाळत माझ्यापाशी आले. "हा दवाखाना आपण नेमका कधी सुरू केला?" त्यांनी अगदी आदराने विचारलं.

"आपल्या सोयीने, सर."

ते हसले. तेवढ्या एका गोष्टीसाठी मला ते कायमचे आवडले. पुढच्या बैठकीत शुक्रवारचा दवाखाना 'प्रायोगिक तत्त्वावर' मंजूर झाला. फक्त सकाळी, एक डॉक्टर, आणि एक नर्स जिला हिंदी येतं. इतिवृत्तात कल्पनेचं श्रेय सल्लागार मंडळाच्या दूरदृष्टीला दिलेलं आहे. त्या दूरदृष्टीने लगेच शुक्रवारच्या पाटीचा रंग चर्चेला घेतला.

काही आठवड्यांनी मेकॅनिकचा फोन आला. तो दोन शुक्रवार जाऊन आला होता. गोळ्या मिळाल्या होत्या, एक कमीही झाली होती.

"फोरमनला सांगून टाकलं, दात खलास. आता सुट्टी नको."

"मग सुटलास."

"मी सुटलो, सायेब. पण काल त्यानं जेवताना मला बाजूला घेतलं. म्हणला, मेरा भी एक दाढ दुखता है. म्या म्हणलं, कंपनीच्या दवाखान्यात दाताचा डॉक्टर रोज बसतो की. तर इकडंतिकडं बगून हळूच म्हणला, वो नहीं. वो तेरा वाला. शुक्रवार को बैठता है ना?"

"मग तू काय केलंस?"

"पत्ता दिला. अन्‌ म्हणलं, येत्या शुक्रवारी संगंच जाऊ."